कल्हईतलं कथील

आजेसासूबाईंची दोन पितळी पातेली माझ्याकडे आहेत आणि मी त्यांत आजही आमटी करते. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, पण कथिलावर जीव जडला तो या पातेल्यांमुळे.

बिनकल्हईच्या पितळेत ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की कळकतं. आंबटातलं आम्ल तांब्याचा अंश अन्नात उतरवतं, आणि तो पोटाला बाधतो. कथील अशा सौम्य आम्लांना फारशी दाद देत नाही. म्हणून भांड्याला आतून त्याचा पातळ थर द्यायचा.

कल्हईवाला भात्याने निखारे फुलवतो, भांडं तापवतो आणि आत नवसागर टाकतो. भसकन पांढरा धूर निघतो. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू सुटतात. दुसरा धातूवरची ऑक्साइडची पुटं काढतो. पृष्ठभाग असा निर्मळ झाला तरच कथील धरतं. मग कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवायचं. हात चपळ हवा!

कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात. म्हणून कल्हई होताना भांड्याला काही होत नाही. पण याच कारणाने कल्हईचं रिकामं पातेलं मोठ्या गॅसवर विसरू नये. थर वितळून गोळा होतो.

कथिलाचं खनिज कॅसिटेराइट. ते ग्रॅनाइटच्या आसपास सापडतं, आणि जड असल्यामुळे वाहून आलं की ओढ्यानदीच्या वाळूत तळाशी बसतं. इंग्लंडातलं कॉर्नवॉल, मलेशिया, इंडोनेशियाचं बांका बेट ही त्याची नावाजलेली ठिकाणं. आपल्या देशात छत्तीसगडच्या दंतेवाडा-सुकमा भागात आदिवासी बायका-पुरुष वाळू धुऊन हे खनिज वेगळं करतात. त्या कष्टांची आठवण मला कांडी हातात घेतली की होतेच.

तांब्यात कथील मिसळलं की कासं होतं. तळपाय घासायची वाटी त्याचीच. पत्र्याचा डबा असतो पोलादाचा, वर कथिलाचा मुलामा. आणि आज जगातलं जवळपास अर्धं कथील जातं सोल्डरमध्ये, म्हणजे फोन-टीव्हीतले सुटे भाग जोडायला.

एका गोष्टीसाठी मात्र मी हट्ट धरते. शिसं स्वस्त, म्हणून काही जण ते कथिलात मिसळतात, आणि शिसं विष आहे, मुलांच्या मेंदूला तर फारच. कल्हई करून घेताना कांडी मागून बघा. शुद्ध कथील वाकवलं की आतले स्फटिक सरकतात आणि करकर आवाज येतो. शिसं मुकाट्याने वाकतं. तेवढ्याच आकाराची शिशाची कांडी दीडपट जड लागते, आणि कागदावर ओढली तर करडी रेघ उमटते. शंका आली तर मी माझ्याकडची शुद्ध कांडी देते आणि समोर बसून कल्हई करून घेते.