शोध आणि शरणागती : श्रीरमण महर्षींच्या निमित्ताने

‘मी कोण?’ हा प्रश्न ज्याने एकदा गंभीरपणे मनाशी धरला, त्याला देवापुढे हात जोडताना एक अडचण जाणवू लागते. प्रार्थनेला दोघे लागतात : एक मागणारा आणि एक देणारा. आत्मविचार तर त्या मागणाऱ्याच्याच अस्तित्वाविषयी शंका घेतो. मग पूजा करावयाची ती कोणी आणि कोणाची? ती चालू ठेवावी, तर आपण स्वतःशी प्रामाणिक नाही असे वाटते. सोडून द्यावी, तर पिढ्यान्‌पिढ्या घरात आणि मनात वसलेले काहीतरी गमावल्यासारखे होते. ही अडचण केवळ तर्काची नव्हे.

परंपरेतील काही व्याख्याकारांनी तिच्यावर एक सोयीस्कर तोडगा काढून ठेवला आहे. भक्ती ही पायरी, ज्ञान हे शिखर. शिखर गाठले की पायरीचे काम संपले. हा तोडगा मला नेहमीच काहीसा उद्धट वाटत आला आहे, कारण भक्ताला न विचारताच तो त्याच्या भक्तीची किंमत ठरवितो. शिवाय तो वस्तुस्थितीला धरूनही नाही. ‘अद्वैतसिद्धी’सारखा तर्ककर्कश ग्रंथ लिहिणाऱ्या मधुसूदन सरस्वतींनीच ‘भक्तिरसायन’ही लिहिले. तिरुवण्णामलैच्या श्रीरमण महर्षींचे (१८७९–१९५०) उदाहरण तर याहूनही बोलके आहे.

१८९६ च्या जुलै महिन्यात मदुरैतील आपल्या चुलत्यांच्या घरी सोळा वर्षांच्या वेंकटरमणाला एकाएकी मरणाचे भय वाटले. त्याने प्रेतासारखे अंग ताठ करून, मरते ते नेमके काय, याचा आतल्या आत शोध घेतला. आत्मविचाराची ही कथा सर्वपरिचित आहे. तिच्यापुढचा भाग मात्र सहसा घाईने सांगितला जातो. या अनुभवानंतर तो मुलगा मीनाक्षीच्या मंदिरात वारंवार जाऊ लागला आणि त्रेसष्ट शिवभक्तांच्या, म्हणजे नायन्मारांच्या, मूर्तींपुढे अश्रू ढाळीत उभा राहू लागला. या भक्तांची चरित्रे त्याने ‘पेरियपुराणम्’मध्ये आधीच वाचली होती, त्यांच्यासारखी भक्ती आपल्यालाही लाभावी, ही आता त्याची आस होती. म्हणजे येथे क्रम उलटा आहे. शोध आधी, आळवणी नंतर.

थोड्याच आठवड्यांत त्याने घर सोडले. जाताना लिहून ठेवलेली तमिळ चिठ्ठी साहित्याच्या अभ्यासकाने सावकाश वाचावी अशी आहे. आपण पित्याच्या शोधार्थ, त्याच्याच आज्ञेवरून निघालो आहोत, असे तीत म्हटले आहे. ही भाषा निःसंशय भक्ताची होय. परंतु ‘मी’ने सुरू झालेला मजकूर लगेच ‘हे’ या नपुंसकलिंगी सर्वनामावर येतो आणि शेवटी सहीच्या जागी नाव नाही. पिता राहिला, ‘मी’ विरत गेला; आणि हे दोन्ही चार ओळींच्या एकाच कागदावर! त्या वयात हे ठरवून लिहिले गेले असेल, असे वाटत नाही.

पुढील काळातही ही जोडी सुटली नाही. १९०१–०२ च्या सुमारास शिवप्रकाशम् पिळ्ळै यांच्या प्रश्नांना मौनातच लिहून दिलेल्या उत्तरांतून ‘नान् यार्’ ही आत्मविचाराची पुस्तिका सिद्ध झाली. त्यानंतर, भिक्षेला निघणाऱ्या साधूंना गाता यावे म्हणून ‘अक्षरमणमालै’ हे अरुणाचलाचे स्तोत्र रचले गेले. वर्णमालेच्या क्रमाने गुंफलेल्या त्याच्या १०८ कडव्यांत बोलणारी व्यक्ती वधू आहे. ती रुसते, दोष देते, मीलनाची याचना करते. ‘अमृतानुभव’ लिहिणाऱ्या ज्ञानदेवांच्या नावावर विराण्याही आहेत, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटू नये.

हा मेळ बसतो कसा? १९२८ मधील ‘उळ्ळदु नार्पदु’ या ग्रंथाला दोन मंगलपद्ये आहेत. पहिले सद्वस्तूमध्ये हृदयात स्थिर राहण्याविषयी आहे. दुसऱ्यात मृत्यूच्या भयाने ईश्वराला शरण जाणाऱ्यांचा ‘मी’च नाहीसा होतो, असा आशय आहे. दोन्ही मार्गांचे लक्ष्य एकच, ते म्हणजे अहंकार. आत्मविचार ‘मी’ या वृत्तीचा माग काढीत तिच्या उगमापर्यंत जातो, आणि तेथे ती मावळते. शरणागती तिचा कर्तेपणाचा दावाच काढून घेते. माझ्या मते येथे आणखीही एक गोष्ट घडते. ‘मी शोध घेत आहे’ हा साधकाचा गर्व शरणागतीने उतरतो. ‘मी शरण आलो’ हा भक्ताचा गर्व, तो ‘मी’ कोण असे विचारल्याने उतरतो. एकाचा रोग दुसऱ्याच्या औषधाने बरा होतो.

राहिला प्रश्न ईश्वराच्या सत्यतेचा. जोवर जीव आणि जगत् सत्य भासतात, तोवर ईश्वरही तितकाच सत्य, अशी महर्षींची भूमिका होती. तेव्हा स्वतःचे अस्तित्व गृहीत धरून देवाला तेवढे कल्पित ठरविण्याचा अधिकार विचारकाला पोचत नाही. आरंभी सांगितलेली अडचण या मुद्द्यापाशी बरीचशी सुटते. मात्र सर्वांसाठी नव्हे. जीव आणि ईश्वर यांतील भेद मुक्तीनंतरही कायम असतो असे मानणाऱ्या मध्वाचार्यांच्या अनुयायांना हे उत्तर पटणार नाही, आणि त्यांच्या आग्रहामागील प्रेम खोटे म्हणता येत नाही.

मराठी संतांची चरित्रे सांगणाऱ्या ‘भक्तविजयम्’ या तमिळ ग्रंथातील कथा महर्षी आवडीने सांगत. नामदेवांची कथाही त्यांत होती. गोरोबांनी कच्चे मडके ठरविलेल्या नामदेवांना विठोबानेच विसोबा खेचरांकडे धाडले. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांचे पाय हलवावे तेथे लिंग उमटू लागले आणि नामदेवांचे डोळे उघडले. नामदेव घरी परतले व मंदिरात जाईनासे झाले. तेव्हा विठोबा स्वतः त्यांच्या घरी आला आणि, काहीच ठाऊक नसल्यासारखा, मला विसरलास काय, असे विचारू लागला. आता मला फसवू नकोस, तू नाहीस अशी जागा तरी कोठे आहे, अशा अर्थाचे उत्तर नामदेवांनी दिले. पण दिले ते समोर उभ्या असलेल्या विठोबालाच.