किल्ली कुणाच्या कनवटीला?

‘चेअरमन’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो मूळचा इंग्रजी, हे आता कुणाच्या ध्यानीमनीही नसते. साखर कारखान्याचा चेअरमन, दूध संघाचा चेअरमन, पतपेढीचा चेअरमन आणि अगदी राहत्या इमारतीच्या सोसायटीचाही चेअरमन! या माणसाभोवती मोटारी असतात, हारतुरे असतात, निवडणूक जवळ आली की माणसांची वर्दळ असते. पण चेअरमन आणि त्याचे संचालक मंडळ नेमके काय करते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. संस्था चालली तर श्रेय त्यांचे आणि बुडाली तर चौकशी समिती, एवढाच आपला हिशेब. मंडळावर बसणे हे एक काम आहे आणि इतर कुठल्याही कामासारखे ते चांगले किंवा वाईट करता येते, हे आपल्या गावीही नसते.

हे काम किती अवघड असू शकते, ते पाहायचे असेल तर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराच्या वेशीवरच्या एका कारखान्याकडे पाहावे. ‘यूके बॅटरी इंडस्ट्रियलायझेशन सेंटर’ असे त्याचे लांबलचक नाव. मुख्यतः सार्वजनिक पैशातून, सुमारे १३ कोटी पौंड खर्चून तो उभा राहिला. जुलै २०२१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी त्याचे रीतसर उद्घाटन केले. साडेअठरा हजार चौरस मीटरच्या या जागेत विजेच्या मोटारींना लागतात तशा बॅटऱ्या तयार होतात. पण दुकानात मांडण्यासाठी नव्हे. ज्याला बॅटरीचा कारखाना काढायचा आहे त्याने आपली कृती घेऊन इथे यावे, पैसे मोजून यंत्रे वापरावीत, मोठ्या प्रमाणावर जमते की नाही ते पाहावे आणि शहाणे होऊन परत जावे, अशी ही योजना. गावात एखादी सामायिक गिरणी असते ना, जिथे ज्याने त्याने आपापले दळण आणायचे, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे दळण बिघडले तरी दोष गिरणीचा नसतो. किंबहुना दळण इथेच बिघडावे, पुढे कोट्यवधी खर्चून बांधलेल्या कारखान्यात बिघडू नये, यासाठीच ही गिरणी.

शोध एकाचा, धंदा दुसऱ्याचा

ही गिरणी काढण्याची गरज इंग्रजांना का वाटली, याच्या मुळाशी एक जुनी सल आहे. आज मोबाइलपासून मोटारीपर्यंत सर्वत्र दिसणाऱ्या लिथियम आयन बॅटरीचा एक कळीचा शोध १९८० साली ऑक्सफर्ड विद्यापीठात लागला. जॉन गुडइनफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिथे आपल्या सहकाऱ्यांसह लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग दाखवून दिला. विद्यापीठाला त्याचे पेटंट घेण्यात रस वाटला नाही. ते हारवेलच्या सरकारी अणुसंशोधन संस्थेने घेतले. बॅटरी मात्र बाजारात आणली जपानच्या सोनी कंपनीने, १९९१ साली. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तोवर या बॅटऱ्यांचा बहुतेक धंदा पूर्व आशियात जाऊन स्थिरावला होता. ऑक्सफर्डच्या वाट्याला इमारतीवरची एक पाटी आली.

ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारने २०१७ मध्ये मायकेल फॅरेडेच्या नावाने एक योजना आखली आणि चार वर्षांसाठी २४ कोटी ६० लाख पौंड बाजूला काढले. मूलभूत संशोधन, कंपन्यांनी एकत्र येऊन करायचा विकास आणि त्यापुढची कारखानदारीची तालीम, असे तिचे तीन भाग होते. तालमीचे केंद्र कॉव्हेंट्रीला गेले. वॉरिक विद्यापीठाचा डब्ल्यूएमजी हा उत्पादन-अभियांत्रिकी विभाग, कॉव्हेंट्रीची महापालिका आणि त्या भागातले उद्योग यांनी मिळून ते मिळवले. डब्ल्यूएमजी १९८० मध्ये स्थापन केला तो खरगपूरच्या आयआयटीत शिकलेल्या कुमार भट्टाचार्य यांनी. पुढे ते ब्रिटनच्या उमराव सभेत गेले आणि मार्च २०१९ मध्ये वारले. टाटांनी २००८ साली जग्वार लँडरोव्हर घेतली, त्या व्यवहारामागच्या मंडळींतही त्यांचे नाव घेतले जाते.

तालमीची गरज कशासाठी, असे कुणी विचारील. प्रयोगशाळेत हाताने दहा-वीस घट बनवणे वेगळे आणि यंत्रावर लाखो बनवणे वेगळे. खळीसारखे काळे मिश्रण ढवळायचे, केसाहून पातळ अशा तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर त्याचा सारखा लेप द्यायचा, वाळवायचा, रुळाखाली दाबायचा, कापायचा. पुढचे काम हवेत ओलाव्याचा जवळपास अंशही नसलेल्या कोरड्या खोल्यांत करायचे आणि शेवटी प्रत्येक घट हळूहळू भारून दिवसेंदिवस तपासत बसायचे. लेपाची जाडी किंचित बदलली तरी माल भंगारात! स्वीडनच्या नॉर्थव्होल्टची गोष्ट ताजी आहे. युरोपची आशा म्हणून नावाजलेल्या या कंपनीला ठरलेल्या प्रमाणात चांगला माल काढणे जमेना. जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने सुमारे २ अब्ज युरोची मागणी रद्द केली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले.

एक गिरणी, तीन धनी

आता अशा केंद्राच्या संचालक मंडळाची अवस्था पाहा. पैसा सरकारचा. सरकारला घोषणा हवी असते, फीत कापण्याचा मुहूर्त हवा असतो. जागा आणि नाव महापालिकेचे नि विद्यापीठाचे. त्यांना गावात रोजगार आणि आपला लौकिक हवा. आणि गिऱ्हाईक म्हणजे कंपन्या. त्यांना आपला नंबर लवकर लागायला हवा आणि आपले गुपित शेजारच्या खोलीत जाता कामा नये. या तिन्ही धन्यांचे म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे. पण तिघांचे एकाच वेळी ऐकता येत नाही.

यातून जे प्रश्न उठतात ते मंडळालाच सोडवावे लागतात. मोठी कंपनी वर्षभराचे पैसे आगाऊ द्यायला तयार असताना, आठ दिवसांचेच पैसे असलेल्या दोन तरुणांना यंत्र द्यायचे का? दर असा ठेवायचा का, की केंद्र स्वतःच्या पायावर उभे राहील आणि लहान माणूस आपोआप बाहेर पडेल? बॅटरीचे रसायन चार-पाच वर्षांत बदलते. मग आज घेतलेले यंत्र जुने होईल तेव्हा नव्यासाठी पैसे कुठून काढायचे? शेवटच्या प्रश्नाचा अनुभव कॉव्हेंट्रीला लवकर आला. तिथली मूळ यंत्रमालिका मोठ्या कारखान्याच्या मापाची. तिच्यावर एक प्रयोग करायचा तर कच्चा माल भरपूर लागतो आणि तो छोट्या कंपनीच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून प्रयोगशाळा आणि ही मालिका यांच्या मधल्या मापाची, लवचीक अशी आणखी एक मालिका पुढे जोडावी लागली. आधी सर्वांत भव्य ते उभारायचे आणि मधली पायरी मागाहून बांधायची, हा क्रम सरकारी पैशाच्या कामात नवा नाही!

कायद्याने या बाबतीत मंडळाला वाऱ्यावर सोडलेले नाही. ब्रिटनचा २००६ चा कंपनी कायदा सांगतो, की संचालकाने कंपनीच्या यशासाठी झटावे. आणि कंपनीचा हेतू भागधारकांच्या लाभापलीकडचा असेल, तर तो हेतू सिद्धीस जाणे हेच यश समजावे. आपले स्वतःचे हितसंबंध कंपनीच्या हिताच्या आड येतील, अशी परिस्थिती संचालकाने टाळावी, हेही तोच कायदा सांगतो. अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी ही दोन पदे एका माणसाकडे नसावीत, हा आग्रह तर १९९२ च्या कॅडबरी समितीचा. अडचण अशी, की बॅटरीतले कळणारी माणसे थोडी आणि ती बहुतेक कुठल्या ना कुठल्या कंपनीशी बांधलेली. त्यांना मंडळावर घेतले तर हितसंबंध आले, न घेतले तर अडाणीपण आले. यावर जगात एकच उपाय सापडलेला आहे. ज्याचा संबंध असेल त्याने तो आधी सांगावा, त्या विषयापुरते खोलीबाहेर जावे आणि हे सारे इतिवृत्तात लिहिले जावे. उपाय साधा आहे. पण तो पाळायला लावणारा अध्यक्ष हवा.

‘नाही’ म्हणण्याचे मोल

‘ब्रिटिशव्होल्ट’ या कंपनीची कहाणी इथे आठवते. २०१९ साली निघालेल्या या कंपनीने इंग्लंडच्या ईशान्येला ब्लाइथ येथे ३८० कोटी पौंडांचा कारखाना काढण्याचे जाहीर केले. तीन हजार नोकऱ्यांचे आश्वासन होते. खाणी आणि वीजघर बंद पडलेल्या गावाला आणखी काय हवे? कंपनीने आपल्या घटांची तालीम करायला कॉव्हेंट्रीचे केंद्र गाठले. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने सुमारे १० कोटी पौंडांचे साहाय्य जाहीर केले, पण अट घातली, की ठरलेले टप्पे गाठल्यावरच पैसे मिळतील. त्याच वर्षी पैशाची चणचण भासू लागली तेव्हा कंपनीने त्यातले ३ कोटी आधीच मागितले. टप्पा गाठलेला नव्हता; सरकारने नाही म्हटले. जानेवारी २०२३ मध्ये कंपनी कोसळली आणि बहुसंख्य कर्मचाऱ्यांची नोकरी एका दिवसात गेली. पुढच्याच वर्षी ती जागा डेटा सेंटरसाठी देण्याचे ठरले.

ब्लाइथच्या माणसांच्या दुःखाला यात काही उतारा नाही. पण त्या एका अटीमुळे जनतेचे १० कोटी वाचले, हेही खरे. आणि कॉव्हेंट्रीच्या केंद्राने अशा कंपनीला यंत्र दिले ते चुकले का? मुळीच नाही. धडपडणाऱ्याला तालीम करू देणे हेच त्याचे काम. मात्र तालमीत प्रवेश मिळाला म्हणजे पहिलवानाला गदा मिळाली असे होत नाही. ‘सरकारी केंद्रात आमची बॅटरी तयार झाली’ एवढ्या वाक्यावर भांडवल गोळा होऊ शकते. म्हणून केंद्राने कशाची ग्वाही दिली आहे आणि कशाची दिलेली नाही, हे स्पष्ट करण्याची जबाबदारीही मंडळाचीच.

उलट्या बाजूचे उदाहरण जर्मनीतले. तिथेही सुमारे ५० कोटी युरोंचे असेच केंद्र काढायचे ठरले आणि २०१९ मध्ये म्युन्स्टर शहराची निवड झाली. उल्म, कार्ल्सरूअ अशी तयारीची शहरे मागे पडली. तेव्हाच्या संशोधनमंत्री आन्या कार्लिचेक यांचा मतदारसंघ म्युन्स्टरच्या शेजारचा, आणि प्रकल्पाचा एक भाग तिथल्या इब्बनब्यूरेनला जायचा! आपण निर्णयापासून दूर राहिलो, असे मंत्रीणबाईंनी सांगितले. तरी तीन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी चॅन्सेलर मर्केल यांच्याकडे तक्रार केली आणि पुढे देशाच्या लेखापरीक्षकांनी निवडीच्या पद्धतीवर ताशेरे ओढले. शहर कदाचित योग्यच असेल. पण निवड कोणत्या कसोटीवर झाली हे सांगता येत नाही, तेव्हा योग्य निवडही संशयास्पद ठरते आणि केंद्राला जन्मापासून तो डाग वागवावा लागतो.

काय विचारावे?

यातून आपण काही घ्यावे काय? केंद्र सरकारने २०२१ मध्ये प्रगत बॅटरीच्या कारखान्यांसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ती माल निघाल्यावर पैसे देते, हे उत्तमच. पण ठरलेल्या मुदती चुकलेल्या आपण पाहिल्या. तालीम न करता फडात उतरणाऱ्यांची दमछाक होणारच. दुसरीकडे, टाटांनी २०२३ मध्ये सुमारे ४ अब्ज पौंडांचा, ४० गिगावॅट-तास क्षमतेचा कारखाना ब्रिटनमध्ये काढण्याचे जाहीर केले. मुंबईच्या उद्योगसमूहाने त्या देशाची निवड केली, तेव्हा तिथे काय तयार आहे हे पाहूनच केली असणार.

आपल्याकडे अशी सामायिक गिरणी काढायची तर इमारत आणि यंत्रे ही सोपी गोष्ट आहे. २०१३ च्या आपल्या कंपनी कायद्यात नफ्यासाठी नसलेल्या कंपनीची सोय आहे, संचालकाची कर्तव्येही लिहिलेली आहेत. अवघड आहे ते मंडळ. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना निघाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि शेतकऱ्यांनी अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळांना बसवले. पुण्याच्या गोखले संस्थेतला हा अर्थशास्त्रज्ञ. त्याला त्या परिसरात निवडून यायचे नव्हते, कुणाचे देणे फेडायचे नव्हते. ज्याच्यापाशी मागण्यासारखे स्वतःचे काही नाही, असा माणूस त्या खुर्चीवर असणे याची किंमत त्या शेतकऱ्यांना कळली होती.

म्हणून अशा केंद्राचा वार्षिक अहवाल हाती आला की पहिल्या पानावरचे छायाचित्र ओलांडून पुढे जावे. यंत्र किती दिवस चालले याबरोबर ते किती निरनिराळ्या लोकांसाठी चालले, हे पाहावे. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा किती? किती संचालक किती वेळा खोलीबाहेर गेले? किती कंपन्यांना इथे कळले की आपले जमणार नाही, आणि त्यामुळे त्यांचे पुढचे किती पैसे वाचले? नव्या यंत्रासाठी काय बाजूला काढले? या प्रश्नांची उत्तरे अहवालात सरळ मिळत असतील, तर किल्ली योग्य कनवटीला आहे असे समजायला हरकत नाही. मिळत नसतील, तर दळण कुणाचे चालले आहे, याची चौकशी वेळीच केलेली बरी.