आडात आहे, पोहऱ्यात नाही

बेळगावचा विमानतळ ज्या सांबरा गावात आहे, तेथील भाजीविक्रेत्यासही आज गिऱ्हाईक रोख पैसे क्वचितच देते. ते परस्पर भ्रमणध्वनीवरून त्याच्या खात्यात जमा होतात. त्यामुळे त्या यंत्राची सुरक्षितता हा त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न झाला आहे. परंतु त्यातील आज्ञावली ताजी ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे त्याला कोणी सांगत नाही.

अँड्रॉइड प्रणालीतील दोष हुडकून त्यांवरील दुरुस्त्या गूगल कंपनी २०१५ पासून नियमाने प्रसिद्ध करीत आली आहे. मात्र त्या थेट ग्राहकाच्या हाती पडत नाहीत. आधी चिप बनविणारी कंपनी, मग फोनची उत्पादक कंपनी त्या आपापल्या साच्यात बसविते. कित्येक देशांत दूरसंचार कंपनीचीही संमती लागते. आयफोनची प्रणाली व यंत्र एकाच कंपनीचे असल्याने ही वाट तेथे आखूड आहे. इतरत्र प्रत्येक नाक्यावर विलंब होतो आणि स्वस्त फोनचा क्रमांक बहुधा शेवटचा लागतो.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५-जी सेवेचा शुभारंभ झाला, तेव्हा महागड्या फोनच्या धन्यांनीही हा अनुभव घेतला. यंत्र समर्थ होते, सेवाही सुरू झाली होती. पण उत्पादकाने आज्ञावलीचे कुलूप काढले नव्हते! अखेर केंद्र सरकारला कंपन्यांना पाचारण करावे लागले आणि आयफोनधारकांना ती सुविधा डिसेंबरात मिळाली. वेगासाठी दाखविलेली ही तत्परता सुरक्षिततेसाठी का नसावी, असा आमचा सवाल आहे.

घाईने पाठविलेली आज्ञावली फोन निकामी करू शकते, म्हणून चाचणी हवी, हे उत्पादकांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु चाचणी वेगळी आणि चालढकल वेगळी. गूगलने २०२३ मध्ये व सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या उंची फोनांना सात वर्षे पुरवठ्याची हमी दिली. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या फोनांसाठी, विक्री थांबल्यावरही पाच वर्षे तो चालू ठेवण्याचे बंधन घातले. मनात आणले तर हे जमते, हाच याचा अर्थ.

औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. तशीच, सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, ती तारीख फोनच्या खोक्यावर ग्राहकाला समजेल अशा भाषेत छापणे सक्तीचे करावे. श्रीमंताचा फोन सात वर्षे सुरक्षित आणि भाजीवाल्याचा दैवाच्या हवाली, हा न्याय नव्हे.