फॉरमॅट मारण्याआधी

संगणक सुरू होत नाही, काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याची एक ओळ तेवढी उमटते, आणि दुरुस्तीच्या दुकानात निदान तयार असते : विंडोज उडाली, फॉरमॅट मारावे लागेल. हे निदान पुष्कळदा घाईचे असते आणि त्याची किंमत ग्राहक फोटो, हिशेब, प्रबंधाचे मसुदे गमावून मोजतो. सुरू न होणाऱ्या यंत्रातला मजकूर अनेकदा जिथल्या तिथे सुखरूप असतो. बिघडलेली असते ती त्याच्यापर्यंत नेणारी वाट, आणि ही वाट फारच थोड्या जागेत लिहिलेली असते.

बटण दाबल्यावर प्रोसेसर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम चालवतो. तो मेमरी वगैरे तपासतो आणि पुढे कोणत्या डिस्ककडे जायचे हे आपल्या सेटिंगमध्ये पाहतो. जुन्या बायोस पद्धतीत तो डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो. हा सेक्टर अवघ्या ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट बूट कोडसाठी, ६४ पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ ओळखखुणेसाठी. एवढ्याशा जागेत गडबड झाली, तर टेराबाइटभर मजकूर असूनही डिस्क कोरी असल्यासारखी वागते. नव्या यूईएफआय यंत्रांत हे काम एका छोट्या पार्टिशनवर सोपवलेले असते, आणि त्यातली कोणती फाइल चालवायची याची नोंद मदरबोर्डच्या कायमस्वरूपी स्मृतीत राहते. विंडोज व्हिस्टापासून बीसीडी नावाची आणखी एक नोंदवही आली. कुठली विंडोज, कुठल्या पार्टिशनवर, हे त्यात असते. यांतले काहीही बिघडले तरी सी ड्राइव्हमधल्या फाइलींना धक्का लागलेला नसतो.

म्हणून दुरुस्ती बाहेरून आत जावी. विसरून राहिलेला पेन ड्राइव्ह काढला की काही यंत्रे मुकाट्याने सुरू होतात. सुंठीवाचून खोकला गेला. नंतर मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्क दिसते का, बूटचा क्रम बरोबर आहे का, तारीख जुनी झाली आहे का, हे पाहावे. तारीख मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपल्याचा संशय घ्यावा. विशेषतः जुन्या यंत्रांत तिच्याबरोबर बाकीची सेटिंगही पुसली जातात. अशा वेळी ‘डीफॉल्ट लोड करा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो उपयोगी आहे, पण निरुपद्रवी नाही. विंडोज बसवताना डिस्क रेड मोडमध्ये असेल आणि डीफॉल्टने ती एएचसीआय या दुसऱ्या मोडवर गेली, तर निळा पडदा येतो. मोड पूर्ववत केला की तीच विंडोज पुन्हा उभी राहते. आधीच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवणे एवढाच यावर खर्च.

सेटिंग ठीक असूनही गाडी अडली, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीच्या विभागात शिरून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे. तेही हरले तर कमांडची पाळी. येथे जुने पाठांतर नडते. विंडोजच्या बूटरेक या साधनाची फिक्सएमबीआर कमांड पहिल्या सेक्टरचा कोड नव्याने लिहिते. यूईएफआय यंत्र त्या कोडकडे पाहतच नाही. तिथे बीसीडीबूट या कमांडने विंडोजच्या फोल्डरमधून बूट फाइली पुन्हा तयार कराव्या लागतात.

यावर दुकानदाराचा आक्षेप असा, की एवढे शोधत बसण्यापेक्षा फॉरमॅट लवकर होते. विंडोज लवकर बसते हे खरे. पण प्रिंटरचे ड्रायव्हर, टायपिंगचे फॉन्ट, हिशेबाचे सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्याचा वेळ ग्राहकाच्या माथी जातो आणि तो बिलात दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : डिस्कच मरणपंथाला लागली असेल तर? मग बूट दुरुस्तीचा हट्ट धरू नये, आधी मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवावा. पण अशा डिस्कला फॉरमॅट हेही उत्तर नव्हेच. न उठणाऱ्या यंत्रातला मजकूर शाबूत असू शकतो, हे एका मोठ्या प्रसंगाने दाखवले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले. भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथे बूटची सेटिंग शाबूत होती, दोष एका फाइलीत होता. सेफ मोडमध्ये जाऊन ती काढून टाकणे हा मुख्य उपाय ठरला. यंत्र न उठणे आणि मजकूर जाणे यांतले अंतर एवढे ढळढळीत क्वचितच दिसले असेल.

त्याच प्रसंगाने खरी अडचणही दाखवली. विंडोजच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनने कुलूपबंद केलेल्या यंत्रांत सेफ मोडला जाण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागत होती, आणि ती अनेकांच्या हाताशी नव्हती. सिक्युअर बूटसारखी सेटिंग बदलल्यावरही बिटलॉकर हीच की मागू शकतो, आणि नव्या लॅपटॉपवर असे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असू शकते. घरच्या लॅपटॉपची की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, कार्यालयातली आयटी विभागाकडे. सेटिंगला हात लावण्याआधी ती कागदावर उतरवावी. आणि यंत्र दुकानात देताना ‘आधी डेटा काढा, विचारल्याशिवाय फॉरमॅट नको’ हे पावतीवर लिहून घ्यावे.