परिबल क्लच, विद्युत् स्क्रू ड्रायव्हरातील

परिबल क्लच, विद्युत् स्क्रू ड्रायव्हरातील : घटमालेवर चालणाऱ्या हातातील स्क्रू ड्रायव्हरात किंवा छिद्रण यंत्रात ठराविक परिबलापलीकडे बिट फिरू न देणारी यंत्रणा. फिरविणारी प्रेरणा व तिचे अक्षापासूनचे लंब अंतर यांचा गुणाकार म्हणजे परिबल होय. ते न्यूटन-मीटर या एककात मोजतात. १० सेंमी. लांबीच्या दांड्याच्या टोकाशी १ किग्रॅ. भाराइतकी प्रेरणा लावल्यास सु. १ न्यूटन-मीटर परिबल मिळते.

साध्या स्क्रू ड्रायव्हरने काम करताना स्क्रू पुरेसा आवळला गेल्याचे मनगटास जाणवते व हात थांबतो. चलित्रास (मोटरीस) अशी जाणीव नसते. क्लच नसल्यास स्क्रूचे डोके लाकडात रुतते, प्लॅस्टिकमधील आटे झिजून जातात किंवा स्क्रूच तुटतो. घटमालेवर चालणारे पहिले छिद्रण यंत्र ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीने १९६१ मध्ये विक्रीस आणले. पुढे निकेल-कॅडमियम घटमालांची जागा लिथियम-आयन घटमालांनी घेतली. त्यामुळे लहान यंत्रेही बलवान झाली व क्लचाचे महत्त्व वाढले.

रचना व कार्य : चलित्राची जलद गती ग्रह-दंतचक्रांच्या मालेतून कमी करून चकापर्यंत नेलेली असते. या मालेतील शेवटच्या टप्प्याचे बाहेरील कडे-चक्र (आतल्या बाजूस दाते असलेले चक्र) स्थिर राहिले, तरच गती पुढे जाते. या चक्राच्या कडेवर लहान उंचवटे असतात व स्प्रिंगेने दाबलेल्या पोलादी गोळ्या त्यांना अडवून धरतात. स्क्रूचा विरोध वाढला की, गोळ्या उंचवट्यांवर चढून पलीकडे घसरतात, कडे-चक्र मोकळे फिरू लागते आणि बिट थांबते. त्या वेळी ऐकू येणारा कडकड आवाज गोळ्यांच्या घसरण्याचा असतो; नवशिक्यास तो यंत्र बिघडल्याचा वाटतो. चकामागील आकड्यांचे कडे फिरविल्याने स्प्रिंग कमीअधिक दाबली जाते. छिद्रणाच्या चिन्हावर गोळ्या पूर्ण अडकतात व क्लच निष्क्रिय होतो.

कड्यावरील आकडे कोणत्याही एककातील नसतात. ते केवळ क्रम दर्शवितात. एका निर्मात्याच्या यंत्रावरील ५ आणि दुसऱ्याच्या यंत्रावरील ५ यांत काही संबंध नसतो. त्यामुळे ‘लाकडास अमुक आकडा’ असे सांगणारी कोष्टके फारशी उपयोगाची नाहीत.

आवळण्यासाठी लावलेल्या परिबलापैकी सु. एक-दशांशच स्क्रूत ताण निर्माण करण्याच्या कामी येते; उरलेले डोक्याखालील व आट्यांतील घर्षणात खर्च होते. कोरड्या पोलादी स्क्रूत निर्माण होणारा ताण काढण्यासाठी परिबलास स्क्रूच्या व्यासाच्या एक-पंचमांशाने भागतात. उदा., ४ मिमी. व्यासाच्या स्क्रूस १·२ न्यूटन-मीटर परिबल दिल्यास सु. १,५०० न्यूटन ताण येतो. आट्यांना तेल लागल्याने हा अंश ०·२० वरून ०·१५ झाला, तर त्याच परिबलाने २,००० न्यूटन ताण येईल. क्लच परिबल मर्यादित करतो, ताण नव्हे. विद्युत् जोडणीच्या अग्रांबाबत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे, कारण ढिल्या अग्राशी रोध वाढून उष्णता निर्माण होते, तर अति आवळल्याने आटे जातात. अशा ठिकाणी निर्मात्याने दिलेले मूल्य परिबल मोजणाऱ्या साधनानेच साधावे.

लाकूड व प्लॅस्टिक यांत स्क्रू स्वतःच आटे पाडीत जातो. त्यासाठी लागणारे परिबल व आटे तुटण्याचे परिबल यांच्या दरम्यान क्लच घसरला पाहिजे. मऊ पदार्थात हे अंतर अरुंद असते. त्याच पदार्थाच्या टाकाऊ तुकड्यावर लहान आकड्यापासून सुरुवात करून डोके पृष्ठभागाशी समपातळीत येईपर्यंत एकेक आकडा वाढवीत जाणे, ही रीत सर्वांत विश्वासार्ह आहे. कठीण लाकडात क्लच अर्ध्यावरच घसरत असेल, तर आकडा वाढविण्यापूर्वी मार्गदर्शक छिद्र पाडलेले बरे.

मंद गतीत क्लच अधिक अचूक चालतो. जलद गतीत फिरत्या भागांचे जडत्व क्लच घसरण्यापूर्वीच स्क्रूला आणखी पुढे रेटते. धातूवर धातू बसणाऱ्या ‘कठीण’ जोडात डोके टेकल्यानंतर साधारण ३० अंशांच्या आत परिबल पूर्ण चढते, म्हणून तेथे हा दोष अधिक जाणवतो. लाकडासारख्या ‘मऊ’ जोडात ते सावकाश वाढते. उलट, घटमाला क्षीण झाल्यास मोठ्या आकड्यावर क्लच न घसरताच चलित्र अडून राहते व तापते.

काही आधुनिक यंत्रांत स्प्रिंगेऐवजी इलेक्ट्रॉनीय क्लच असतो. स्थायी चुंबकाच्या चलित्रातील विद्युत् प्रवाह परिबलाच्या प्रमाणात वाढत असल्याने ठरलेल्या प्रवाहाशी चलित्र बंद केले जाते. त्यात कडकड आवाज होत नाही. आघाती स्क्रू ड्रायव्हरात सामान्यतः असा क्लच नसतो. त्यात हातोडीसारखा भाग ऐरणीवर फिरते ठोके देतो व ते कधी थांबवावयाचे, हे कारागिराच्या बोटावर अवलंबून असते.