गावच्या शिळेवरील आकडा

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिले महायुद्ध थांबले आणि दोस्त राष्ट्रांचा विजय झाला. त्या दिवसाचे स्मरण लंडनमध्ये दरसाल होते. परंतु ज्या खेड्यांनी आपली माणसे त्या युद्धात धाडली, त्यांनी हे स्मरण कसे करावे, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. त्याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहो.

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की वाटेत कापूरहोळला भोरचा फाटा लागतो. येथून खाली साताऱ्यापर्यंतचा मुलूख मराठा पलटणींच्या भरतीचा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने भरतीच्या अनेक गावांत शिळा बसविल्या. गावातून किती गेले व किती कामास आले, एवढाच त्यांवरील मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ शिपाई त्या युद्धात पडले. तेथे त्यांचे स्मारक आहे आणि गावच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला आहे.

आकडा असतो, नावे नसतात. याला दगडावरील अपुरी जागा एवढेच कारण नाही. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडल्या. अन्न संपले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. त्या रणभूमीवरील मृतांसाठी १९२९ साली बसऱ्यास स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, आपल्या सुभेदार-जमादारांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा तेवढा आला. युद्धसमाध्यांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने अशा भेदभावाबद्दल २०२१ साली माफी मागितली.

कोणी म्हणेल, तो विजय परक्या सरकारचा. आपण त्याची आठवण का ठेवावी? आक्षेप रास्त आहे. त्या विजयाचा उत्सव करावा असे आम्हीही म्हणत नाही. पण विजय सरकारचा असला, तरी गेलेला मुलगा गावाचा होता. सरकारने त्याचे नाव गाळले म्हणून गावानेही गाळावे काय?

नाव टिकते ते सांगण्याने. शंभूराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे याच कापूरहोळच्या. राजांचा जन्म १६५७ सालचा. साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी धाराऊंचे नाव लोक विसरले नाहीत.

शिपायांची नावेही अजून सापडू शकतात. पहिल्या महायुद्धाच्या विजयपदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असे. जोडीचे युद्धपदक चांदीचे, ते मोडीत निघणे सोपे. विजयपदक ब्राँझचे, म्हणून ते घरात राहिले असण्याचा संभव अधिक. शिवाय आयोगाची नोंदवही आता घरबसल्या पाहता येते. तीत बापाचे नाव व गावही पुष्कळदा दिलेले असते.

१९७१ च्या युद्धाचा विजयदिन आपण १६ डिसेंबरला पाळतो. त्या दिवशी गावच्या चावडीवर सर्व युद्धांत पडलेल्यांची नावे, बापाच्या नावासह, मोठ्याने वाचली जावीत. शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे याच मुलखात आहेत. यंदा सुटीत गावी गेल्यावर घरातील जुनी पेटी उघडून पाहावी, आणि पदक सापडले तर त्याच्या कडेवरचे नाव आधी उतरून घ्यावे.