पुंगळ्यांनी सांगितलेली लढाई

दांड्याच्या टोकाला एक चपटी थाळी असते आणि थाळीत तांब्याच्या तारेची वेटोळी. एका वेटोळ्यातून दर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज खेळते आणि तिचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते. वाटेत काडतुसाची एखादी रिकामी पुंगळी आली, की तिच्या अंगात विजेचे इवलेसे भोवरे उठतात. शंभर वर्षे मातीत निपचित पडलेल्या वस्तूत क्षणभर वीज जागी होते! त्या भोवऱ्यांचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि आपल्या कानात सूर वाजतो. मेटल डिटेक्टरची करामत एवढीच, पण ती मला दर वेळी नव्याने थक्क करते.

हे उत्तर किंचित उशिराने येते आणि त्या उशिरात धातूची ओळख दडलेली असते. चांदी आणि तांबे विजेचे उत्तम वाहक, त्यामुळे त्यांच्यातले भोवरे जास्त रेंगाळतात. बहुतेक यंत्रे त्यांना उंच सूर देतात आणि लोखंडाला घोगरा, खालचा. म्हणून शिकणाऱ्याचा खरा अभ्यास कानाचा. थाळी जमिनीला समांतर, अगदी जवळून आणि सावकाश फिरवायची. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवायचा. मातीतल्या खनिजांचीही कुरकुर ऐकू येते, ती सुरुवातीलाच यंत्रात वजा करून घ्यायची. एवढे करूनही फसगत होतेच, कारण सोन्याची पातळ अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची कडी जवळपास एकाच सुरात बोलतात. खिळ्यांचा वैताग नको म्हणून लोखंडाचा आवाज बंद करण्याची सोय असते. जुन्या रणभूमीवर मात्र ती वापरून चालत नाही, कारण बाणांची टोकेही लोखंडाचीच असतात.

या विद्येने काय साधते, ते अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न नदीकाठी दिसले. २५ जून १८७६ रोजी तिथे लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी अमेरिकी सेनाधिकारी कस्टर याच्या घोडदळाचा धुव्वा उडवला. कस्टरबरोबर टेकडीवर लढलेल्या सुमारे २१० जणांपैकी एकही सैनिक वाचला नाही. पुढे चित्रकारांनी मधोमध कस्टर आणि भोवती शेवटच्या गोळीपर्यंत झुंजणारे शिपाई रंगवले. जे योद्धे प्रत्यक्ष लढले होते त्यांच्या आठवणी नोंदल्या गेल्या होत्या, पण त्यांवर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही.

१९८३ मध्ये वणव्याने तिथले गवत जळाले आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरचा छंद असलेल्या स्वयंसेवकांना बोलावले. लुटारूंचे हत्यार म्हणून अनेक अभ्यासक ज्या यंत्राकडे संशयाने पाहत, तेच इथे अभ्यासाला जुंपले गेले. ठरावीक अंतर राखून स्वयंसेवक रांगेने चालत. सूर आला की तिथे छोटे निशाण रोवायचे आणि पुढे सरकायचे. मागून येणारे लोक हलक्या हाताने माती बाजूला करत, पण वस्तू जागची हलवत नसत. तिची नेमकी जागा मोजून नकाशावर चढली, की मगच ती उचलायची.

हा संयम मला यंत्राहूनही मोठा वाटतो. एखाद्या गडाच्या उतारावरचा तोफगोळा कुणी हौसेने घरी नेला, तर घरात येतो तो फक्त लोखंडाचा गोळा. तोफ कुठून डागली गेली असेल याचा धागा गडावरच तुटतो. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. या कायद्यामागे सरकारी हक्काचा विचार असेल, पण त्यामुळे वस्तूबरोबर तिची जागाही नोंदली जाऊ शकते, हे मला मोलाचे वाटते.

मोंटानात त्या जागांनीच कमाल केली. बंदूक झाडली की आतली खीळ काडतुसाच्या बुडावर आदळते आणि आपला ठसा उमटवते. प्रत्येक बंदुकीचा ठसा वेगळा. खुनाच्या तपासात वापरतात तीच सूक्ष्मदर्शकाची पद्धत इथे शंभर वर्षांपूर्वीच्या पुंगळ्यांना लावली गेली. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या नकाशावर जोडत गेले, की एका माणसाची वाट दिसू लागते: तो या उंचवट्यावरून झाडत होता, मग तिथून त्या टेकडीकडे सरकला. त्याचे नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, पण त्याची लढाईतली पावले कळतात!

सैनिकांकडे दर गोळीला नव्याने भरावी लागणारी स्प्रिंगफील्ड कार्बाइन होती. योद्ध्यांकडे चाळीसहून अधिक प्रकारच्या बंदुका असल्याचे पुंगळ्यांवरून निघाले आणि त्यांत एका दमात अनेक गोळ्या झाडणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर रायफलीही होत्या. काही ठिकाणी सैनिकांची फळी मोडून पळापळ झाली, असे फॉक्स यांनी या पुराव्यावरून मांडले. योद्ध्यांच्या आठवणींशी ते बरेच जुळते. कार्बाइनमध्ये पुंगळ्या अडकल्यामुळे पराभव झाला, ही समजूतही डळमळली, कारण अडकलेली पुंगळी सुरीने उचकटल्याच्या खुणा फारच थोड्या पुंगळ्यांवर सापडल्या.

पुढे संग्राहकांनी जपलेल्या त्या काळच्या काही बंदुका चाचणीसाठी झाडून पाहण्यात आल्या. त्यांतल्या मोजक्या बंदुकांचे ठसे लिटल बिगहॉर्नच्या मातीतून निघालेल्या पुंगळ्यांशी तंतोतंत जुळले.